गिनी पिगचं गजकर्ण पुन्हा पुन्हा का उलटतं?

मलमाने तुमच्या गिनी पिगच्या नाकावरचा गजकर्णाचा चट्टा जातो आणि पंधरा दिवसांत पुन्हा उगवतो, असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडेही हेच झालं होतं. गजकर्ण बुरशीमुळे होतं आणि तिचे बीजाणू गळलेल्या केसांत आणि पिंजऱ्यात कित्येक महिने जिवंत राहतात, त्यामुळे नुसतं जनावर बरं करून भागत नाही. लाकडी घरकुल सरळ फेकून द्या, ते निर्जंतुक होत नाही. पिंजरा आधी साबणाने घासा, मग एक भाग ब्लीच नि दहा भाग पाणी लावून दहा मिनिटं ठेवा. धुऊन पूर्ण वाळल्यावरच त्यांना आत सोडा. सोबत दुसरी गिनी पिग असेल तर ती ठणठणीत दिसली तरी तिच्यावरही उपचार हवेत.

आणि कृपा करून मेडिकलमधलं माणसांचं स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावू नका! लाली उतरते, बुरशी मात्र आत फोफावते. हट्टी गजकर्णाला पशुवैद्य पोटातून इट्राकोनाझोल हे बुरशीवरचं औषध देतात; मात्रा वजनावर ठरते, अंदाजाने देऊ नका. केस आले म्हणून औषध थांबवू नका, कल्चर (केसांच्या नमुन्यातून बुरशी वाढते का, ही तपासणी) निगेटिव्ह येऊ दे. खाज फारच असेल तर खरजेचे किडे नाहीत ना, तेही तपासून घ्या. घरात लहान मुलं असतील तर हाताळताना हातमोजे घालाच, गजकर्णाची लागण माणसांनाही होते.