मदत हवी आहे: मुलीला जर्मनीत डेंग्यूची लस टोचून आणावी का? (बडोदा)

खारीशेंग_बडोदा | ऑक्टोबर २०२४

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचायला येते, पण आता डोक्याचा पार भुगा झालाय म्हणून धागा काढतेय.

आम्ही दांडिया बाजारजवळ जुन्या वाड्यात राहतो. लेक बारा वर्षांची आहे. गेल्या वर्षी नवरात्र संपलं आणि तिला सणकून ताप भरला. जवळच्या लॅबने डेंग्यू सांगितला. ॲडमिट करायची वेळ आली नाही, घरीच बरी झाली. यंदा ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं ते तुम्ही बातम्यांत पाहिलंच असेल. पाणी ओसरलं, पण तळमजल्यावरच्या बंद खोल्या, भंगार, फुटक्या कुंड्या, कुणाकुणाचे भिजून टाकून दिलेले कूलर यांत साठलेलं काही गेलं नाही. गल्लीत तापाचे पेशंट वाढलेत. पोरा (डासांच्या अळ्या) तपासायला कॉर्पोरेशनची बाई येते. परवा तिने आमच्या अंगणातल्या हौदात टॉर्च मारला आणि मला वाकून बघायला लावलं. पृष्ठभागाला उलट्या लटकलेल्या अळ्या. सावली पडली की सगळ्या एकदम वळवळत खाली जातात, मिनिटभराने पुन्हा वर. तेव्हापासून झोप उडालीय.

जो भेटतो तो एकच सांगतो, "एकदा होऊन गेलाय ना? मग दुसऱ्यांदा झाला तर फार वाईट." माझा भाऊ जर्मनीत असतो. नाताळात आम्ही त्याच्याकडे जातोय. तो म्हणतो तिकडे क्यूडेंगा नावाची लस डॉक्टरकडे मिळते, भाचीला टोचून घेऊ. सासूबाईंचं म्हणणं, तिकडच्या सुया कशाला, पपईच्या पानांचा रस द्या. नवरा म्हणतो तुझं तू ठरव, म्हणजे उद्या काही झालं तर माझ्यावर.

दुसऱ्यांदा डेंग्यू होणं खरंच इतकं वाईट असतं का? आणि ही लस घ्यावी की नाही? फॉरवर्ड नकोत, ते आमच्या फॅमिली ग्रुपवर भरपूर आहेत. कुणाला खरं संशोधन माहीत असेल तर सांगा.

आजोळ_रावपुरा

पपईच्या पानांनी प्लेटलेट थोड्या लवकर वाढतात असे काही छोटे अभ्यास आहेत, पण त्याने गंभीर डेंग्यू टळतो असं कुणी दाखवलेलं नाही. सासूबाईंना दुखवू नका, पण भरवसाही ठेवू नका. हौदाला झाकण करा आधी. आमच्या आजीच्या हौदात गप्पी मासे असायचे.

पिपेटवाली

मी डॉक्टर नाही, पण मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं याच चाचण्या करतेय. खारीशेंग, लसीचं नंतर बोलू. गेल्या वर्षीचा रिपोर्ट शोधा आणि त्यात काय लिहिलंय ते जसंच्या तसं टाका. एनएस१, आयजीएम, आयजीजी यांतलं काय पॉझिटिव्ह, कार्डवर केली की एलायझा (लॅबमध्ये यंत्रावर करतात ती जास्त भरवशाची चाचणी), आणि रक्त तापाच्या कितव्या दिवशी दिलं. नाव-पत्ता झाका.

सावधराव

ताई, या फंदात पडूच नका. फिलिपिन्समध्ये शाळेतल्या मुलांना हीच लस दिली होती, नंतर केवढा गोंधळ झाला!

पिपेटवाली

@सावधराव, ती लस वेगळी. फिलिपिन्समध्ये २०१६ साली दिली ती सनोफीची डेंगव्हॅक्सिया, आठ लाखांहून जास्त मुलांना. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीनेच जाहीर केलं की ज्यांना आधी कधीच डेंग्यू झालेला नाही, त्यांना लस घेतल्यावर पुढे गंभीर डेंग्यू होण्याचा धोका वाढतो. क्यूडेंगा जपानच्या ताकेदाची आहे आणि तिची बांधणीही निराळी आहे. डेंगव्हॅक्सियाचा सांगाडा पिवळ्या तापाच्या विषाणूचा होता, क्यूडेंगाचा डेंग्यूच्याच ‘प्रकार २’ या विषाणूचा आहे. पण तुमची भीती पोकळ आहे असं नाही म्हणणार. फिलिपिन्सपासून प्रत्येक डेंग्यू लसीला हाच पहिला प्रश्न विचारला जातो: ज्याला आधी डेंग्यू झालेला नाही, त्याचं काय?

खारीशेंग_बडोदा

रिपोर्ट सापडला. शाळेच्या फायलीत, गुणपत्रिकेच्या मागे. एनएस१ निगेटिव्ह. आयजीएम पॉझिटिव्ह. आयजीजी निगेटिव्ह. खाली बारीक अक्षरात "रॅपिड कार्ड टेस्ट". प्लेटलेट १ लाख १२ हजार. ताप रविवारी रात्री आला आणि रिपोर्टवर मंगळवार सकाळची वेळ आहे. एलायझा वगैरे काही केलं नव्हतं.

पिपेटवाली

म्हणजे दुसरा दिवस. बरं झालं विचारलं. आता जरा सविस्तर लिहिते, कारण तुमचा सगळा निर्णय या कागदावर उभा आहे.

एनएस१ हे विषाणूचंच प्रथिन. ताप आल्यापासून पहिले चार-पाच दिवस ते रक्तात सापडतं. आयजीएम ही शरीराने बनवलेली अँटिबॉडी, ती दिसायला साधारण चौथा-पाचवा दिवस उजाडतो. आयजीजी ही मागाहून येऊन वर्षानुवर्षं टिकणारी अँटिबॉडी. तुमच्या मुलीच्या रिपोर्टमध्ये उलटं आहे. दुसऱ्या दिवशी जे दिसायला हवं ते नाही आणि जे इतक्या लवकर दिसत नाही ते आहे. असं होऊच शकत नाही असं नाही. एनएस१चं कार्ड कधी चुकतं. शिवाय आयजीएम दोन-तीन महिने रक्तात टिकतं, म्हणजे ते आधीच्या एखाद्या न कळलेल्या संसर्गाचं असू शकतं. पण आयजीएमच्या कार्डवर खोटी पॉझिटिव्ह रेघ हे आम्ही रोज बघतो, म्हणून तर सरकारी कार्यक्रमात निदान पक्कं करायला एलायझाच धरतात. प्लेटलेटचं म्हणाल तर १ लाख १२ हजार कुठल्याही व्हायरल तापात होतात. मला विचाराल तर तिला गेल्या वर्षी डेंग्यू झालाच होता असं या कागदावरून छातीठोकपणे सांगता येत नाही.

हे का महत्त्वाचं? डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळतं, बाकी तिघांपासून थोडेच महिने. नंतर अँटिबॉडी उतरत जातात आणि एका मधल्या पातळीला आल्या की त्या दुसऱ्या प्रकाराच्या विषाणूला मारत नाहीत, उलट त्याला आपल्याच पेशींमध्ये शिरायला मदत करतात. फितूर किल्लेदार समजा. ही कल्पना जुनी आहे, पण माणसांत तिचा भक्कम पुरावा मिळाला तो निकाराग्वाच्या मानाग्वा शहरातल्या मुलांकडून. तिथे वर्षानुवर्षं दरवर्षी मुलांचं रक्त तपासत गेले. २०१७ मध्ये सायन्स या नियतकालिकात ते काम आलं. अँटिबॉडीचं प्रमाण (रक्त किती पट पातळ करूनही त्या सापडतात, तो आकडा) १:२१ ते १:८० या पट्ट्यात असताना गंभीर डेंग्यूचा धोका सर्वात जास्त होता. त्याहून खूप जास्त अँटिबॉडी असलेल्यांना तो तितका नव्हता, अजिबात नसलेल्यांनाही नव्हता.

म्हणून "दुसऱ्यांदा वाईट" हे खरं आहे, पण अर्धंच. दुसऱ्यांदा झालेल्यांतलेही बहुतेक जण गंभीर होत नाहीत. आणि मुळात बहुतेकांना पहिला कधी झाला ते कळतच नाही. २०१३ च्या एका मोठ्या अंदाजानुसार जगात वर्षाला ३९ कोटी संसर्ग होतात, त्यातले लक्षणं दिसणारे फक्त ९.६ कोटी.

आता क्यूडेंगा. हिची मोठी चाचणी आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या आठ देशांत झाली, त्यात आपल्या शेजारचं श्रीलंकाही होतं. ४ ते १६ वयाची वीस हजारांवर मुलं. पहिल्या वर्षी परिणामकारकता ८०.२ टक्के. साडेचार वर्षांनी ६१.२ टक्क्यांवर उतरली, पण इस्पितळात भरती व्हायची वेळ टाळण्यात ८४.१ टक्के राहिली. आकडे चांगले आहेत. मेख अशी की ज्या मुलांना आधी डेंग्यू झालेला नव्हता त्यांच्यात तिसऱ्या प्रकाराविरुद्ध संरक्षण दिसलंच नाही, आणि चौथ्याचे रुग्ण इतके थोडे होते की काही ठरवता आलं नाही. आधी होऊन गेलेल्यांना फायदा स्पष्ट आहे.

तेव्हा विमानात बसायच्या आधी तिची डेंग्यू आयजीजी एलायझा करून घ्या. खरोखर होऊन गेला असेल तर वर्षभराने आयजीजी जवळजवळ नक्कीच सापडेल. निगेटिव्ह आली तर गेल्या वर्षीचा ताप बहुधा दुसराच कसला तरी. जपानी मेंदूज्वराची लस घेतली असेल तर सांगा, तिच्यामुळे ही चाचणी फसते. आणि चाचणी लसीच्या आधीच करा, नंतर केली तर काहीच अर्थ लागणार नाही.

इडलीसांबार

वाचनखूण साठवली. रॅपिड कार्डवर "डेंग्यू होऊन गेला" म्हणत फिरणारे अर्धे लोक आमच्या सोसायटीत आहेत.

श्टुटगार्टची_सई

जर्मनीतली माहिती देते, कारण भावाला "डॉक्टरकडे मिळते" एवढंच ठाऊक असावं. इथे क्यूडेंगा २०२३ पासून मिळते आणि चार वर्षांपुढच्या कुणालाही देण्याची परवानगी आहे. पण इथली लसीकरण समिती, स्टिको, ती फक्त अशांना सुचवते ज्यांना आधी डेंग्यू होऊन गेला आहे आणि जे डेंग्यूच्या भागात जाणार आहेत. आधीचा डेंग्यू चाचणीने सिद्ध झालेला असावा असंही त्यात आहे. तो कार्डाचा कागद घेऊन गेलात तर इथला डॉक्टर भुवया उंचावणार हे नक्की.

दोन डोस, मध्ये तीन महिने. डिसेंबरात पहिला घेतलात तर दुसरा मार्चमध्ये येतो. तेव्हा काय करणार?

खारीशेंग_बडोदा

मे महिन्याच्या सुट्टीत भाऊ पुन्हा बोलावतोय. इतका उशीर चालतो का? जपानी मेंदूज्वराची लस तिने घेतलेली नाही. आणि एक कळलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ही लस ६ ते १६ वयाच्या मुलांना द्या असं सांगितलंय ना? त्यात चाचणीचं काही नाही. मग जर्मन लोक एवढे कडक का?

पिपेटवाली

डोसला उशीर झाला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, दुसरा जमेल तितक्या लवकर घ्यायचा. पण मुद्दाम मे धरून चालणं मला पटत नाही. त्यावर डॉक्टरांचं मत घ्या.

दुसरा प्रश्न छान आहे. संघटनेची शिफारस अख्ख्या वस्तीसाठी आहे, आणि तीही जिथे डेंग्यू फार पसरलाय तिथे, म्हणजे साधारण नऊ वर्षांच्या वयापर्यंत ६० टक्क्यांहून जास्त मुलांना तो होऊन गेलेला असतो. अशा ठिकाणी प्रत्येकाचं रक्त तपासत बसायची गरज नाही, बहुतेक जण आधीचेच. जर्मनीत समोर एकटा प्रवासी बसलेला असतो, बहुधा कधीच डेंग्यू न झालेला.

आपण या दोघांच्या मध्ये. आयसीएमआरने पंधरा राज्यांत केलेलं सर्वेक्षण २०१९ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आलं. त्यात ९ ते १७ वयात ४१ टक्के मुलांना डेंग्यू होऊन गेलेला होता. म्हणजे तुमच्या लेकीच्या बाबतीत नाणं उडवल्यासारखंच आहे. ते उडवायचं कशाला, चाचणी करा की.

सावधराव

बरं, डेंगव्हॅक्सियाचं समजलं. मग आपल्याकडची लस कधी? ऑगस्टमध्ये काहीतरी वाचलं होतं.

पिपेटवाली

डेंगीऑल. पॅनेशिया बायोटेक आणि आयसीएमआरची. तिसऱ्या टप्प्याची चाचणी १४ ऑगस्टला रोहतकला सुरू झाली, १९ केंद्रांवर दहा हजारांवर लोक घेणार आहेत. सगळे प्रौढ, त्यामुळे बारा वर्षांच्या मुलीला तिचा आत्ता उपयोग नाही. हिचं मूळ अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संशोधन संस्थेतल्या विषाणूंत आहे. त्याच मुळावरून ब्राझीलच्या बुटांटान संस्थेने एका डोसची लस केली. तिचे दोन वर्षांचे निकाल याच फेब्रुवारीत आले, ७९.६ टक्के. आधी डेंग्यू न झालेल्यांतही ७३.६. माझा जीव या लसीत अडकलाय, पण तिथेही तिसऱ्या-चौथ्या प्रकारांचे रुग्ण त्या काळात आढळलेच नाहीत, त्यामुळे उत्तर अर्धवटच.

आजोळ_रावपुरा

आणि तो चांदीपुरा? जुलैमध्ये गुजरातभर त्याचीच भीती होती. त्यावर ही लस चालते का?

पिपेटवाली

नाही हो. चांदीपुरा निराळ्या कुळातला विषाणू, १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात सापडला म्हणून ते नाव. तो पसरतो वालुमाशीमुळे, डासांमुळे नाही. ती भिंतींच्या भेगांत आणि गोठ्यात वाढते, हौदात नाही. जुन्या वाड्याच्या भेगा बुजवायला मात्र ते निमित्त चांगलं.

इडलीसांबार

ते वोल्बाकियावाले डास बडोद्यात सोडत नाहीत का? इंडोनेशियात म्हणे डेंग्यू खूप कमी झाला.

श्टुटगार्टची_सई

योग्यकर्ता शहरात. वोल्बाकिया हा जीवाणू पोटात असलेले डास शहराच्या अर्ध्या भागांत सोडले, अर्ध्यांत नाही. सोडलेल्या भागांत डेंग्यू ७७ टक्के कमी, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. पुद्दुचेरीच्या संस्थेने आपल्याकडचे असे डास तयार केल्याचं २०२२ मध्ये जाहीर केलंय. पण ते एका सोसायटीने मागवून सोडायचं काम नाही.

खारीशेंग_बडोदा

सगळ्यांचे आभार. उद्याच आयजीजी एलायझासाठी रक्त देतोय, कार्डवर नको असं लॅबला फोनवर दोनदा बजावलं. हौदाला मिस्त्रीने मापं घेतलीत, जाळीसकट झाकण करतोय. पॉझिटिव्ह आली तर इथल्या बालरोगतज्ज्ञांशी बोलून नाताळात पहिला डोस, निगेटिव्ह आली तर यंदा लस नाही, असं मनात आहे. चूक वाटत असेल तर आत्ताच सांगा. आणि तोवर ताप आलाच तर?

पिपेटवाली

चूक नाही. ताप आला तर पहिल्या तीन-चार दिवसांतच एनएस१ एलायझा. तापाला फक्त पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन नाही. पाणी, ताक, नारळपाणी देत राहा. ताप उतरला की निर्धास्त होऊ नका, धोक्याचे दिवस तेव्हाच सुरू होतात. पोटात सतत दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, मूल अगदी मलूल होणं, यातलं काहीही दिसलं तर प्लेटलेटचा रिपोर्ट यायची वाट न बघता भरती करा. आणि कुणी नुसत्या आकड्यावरून "प्लेटलेट चढवा" म्हणालं तर कारण विचारा. रक्तस्राव नसताना २० हजारांपर्यंत उतरलेल्या प्रौढांवर सिंगापूर-मलेशियात चाचणी झाली, २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आली. चढवून रक्तस्राव टळला नाही, उलट त्रासच जास्त झाला.

रिपोर्ट आला की नुसतं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह नको, आकडाही इथे टाका. सीमेवरचा असेल तर पुन्हा करावी लागेल.