रोज पिणाऱ्या माणसाची दारू घरच्या घरी एकदम बंद करावी का?

प्रश्न : प्रवरातीर
माझे मामा अनेक वर्षांपासून रोज देशी पितात, आणि आता सकाळी घोट घेतल्याशिवाय त्यांच्या हातांची थरथर थांबत नाही. मामींचे दागिने गहाण आहेत, आणि त्यांच्या नावावरचे बचत गटाचे कर्जही दारूतच गेले. पोळ्याला आम्ही सगळे जमू तेव्हा मामांना आठवडाभर खोलीत कोंडावे, असे मावशी म्हणते. मामींनी मात्र जाहिरात पाहून जेवणात नकळत मिसळायची पूड मागवली आहे. यांपैकी कमी धोक्याचे काय?

प्रतिसाद : निवृत्त परिचारिका
कोंडण्याचा विचार कृपया सोडून द्यावा. सकाळची थरथर हीच धोक्याची खूण आहे : दारूच्या गुंगीला तोंड देण्यासाठी मेंदूने स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवलेली असते, आणि दारू अचानक थांबली की ती उत्तेजना मोकाट सुटते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काही रुग्णांना भ्रम होतो, भिंतीवर मुंग्या दिसतात, ताप चढतो, नाडी धावू लागते. गावाकडे अशा वेळी बाहेरची बाधा समजून माणसाला देवऋषीकडे नेतात आणि त्यात वेळ जातो. उपचाराविना हा भ्रम जीवघेणा ठरू शकतो. रुग्णालयात शामक औषधे देऊन ती टप्प्याटप्प्याने कमी करतात आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने देतात, कारण ते जीवनसत्त्व कमी पडल्यास स्मृतीची कायमची हानी होऊ शकते. मामांना आधी ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवा आणि तोवर दारू स्वतःहून एकदम तोडू नका. व्यसनमुक्ती केंद्र निवडतानाही डोळसपणे पाहा, कारण रुग्णाला साखळीने बांधणे 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार निषिद्ध आहे.

प्रतिसाद : औषधविक्रेता
अशा पुड्यांत काय असते ते पाकिटावर लिहिलेले नसते, आणि कित्येकदा त्यात डायसल्फिराम असण्याची शक्यता असते. हे औषध खोटे नाही; ते दारूचे विघटन अर्ध्यावर रोखते, त्यामुळे वर दारू प्यायल्यास अॅसिटाल्डिहाइड हा विषारी पदार्थ शरीरात साचून चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. म्हणूनच ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि यकृत व हृदय तपासूनच देतात. मामांना ठाऊक नसेल, तर ते नेहमीसारखेच पितील आणि संकट मामींच्या हातून ओढवेल. ती पूड फेकून द्यायला सांगा.

प्रवरातीर : आभार. मामा रुग्णालयात यायलाच तयार नसतील तर काय करावे?

प्रतिसाद : सावित्रीची सून
तर मामींपासून सुरुवात करा. माझे यजमान पीत असताना त्यांची उधारी मीच फेडत होते, कामावर आजारी असल्याचे मीच कळवत होते, आणि त्यामुळे पिण्याची खरी किंमत त्यांच्यापर्यंत कधी पोहोचलीच नाही. अल-अनॉन या मदतगटाच्या सभा पिणाऱ्यांच्या नातेवाइकांसाठीच असतात, आणि पुण्यात 1986 पासून चालणाऱ्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी सहचरी गट आहे. पिणारा यायला राजी नसला तरी घरचे जाऊ शकतात. गुत्त्याची उधारी मामींनी फेडू नये, पण बचत गटाचा हप्ता भाच्यांनी मिळून काही महिने भरावा, कारण तो थकला की गटातल्या इतर बायकांवर भार पडतो आणि मामींना पुढच्या वेळी कर्ज मिळणे कठीण होते. मामांशी बोलायचे ते सकाळी बोला, संध्याकाळी नव्हे.