बागेतली गाडी: दुसरं इंजिन कोणतं, वाफेचं की डिझेल?

शेवग्याखालचा (गंगापूर रोड, नाशिक)

नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीत भाच्याने जर्मनीहून एलजीबीचा, म्हणजे बागेतल्या खेळण्यातल्या गाड्या करणाऱ्या कंपनीचा, एक जुना सेट आणला. स्टाइन्झ नावाचं बुटकं इंजिन, दोन डबे आणि एक गोल पुरा होईल एवढे पितळी रूळ. हॉलमध्ये दोन दिवस फिरवली. तिसऱ्या दिवशी सौ.चा पाय रुळावर पडला आणि सगळं जिन्याखाली गेलं.

मग बंगल्यामागची पट्टी मोजली. अकरा मीटर लांब, पाच मीटर रुंद. एका कोपऱ्यात शेवगा, दुसऱ्यात पाण्याची टाकी. जमीन काळी. गाडी टाकायला परवानगी मिळाली आहे, अट एकच: कढीपत्त्याला धक्का लागता कामा नये.

आता मुद्दा. माझं वय साठ झालं, हौस नवी. एकच इंजिन आणखी घेणार, दहा नाही. वाफेचं दिसणारं घ्यावं, खरोखर वाफेवर चालणारं घ्यावं की सरळ डिझेल? तुमचं लाडकं कोणतं आणि का, तेवढं सांगा. व्हिडिओ मी पुष्कळ पाहिलेत. त्यात सगळी इंजिनं कुठल्यातरी परदेशी हिरवळीवर नवी कोरी पळताना दिसतात. ज्यांनी आपलं इंजिन नाशिकच्या जुलैत भिजवलंय आणि मे महिन्यात तापवलंय, त्यांचं ऐकायचंय.

पाना_पक्कड (सातपूर)

काका, आधी गिअर बघा, मग रंग बघा. मी एक अमेरिकन धाटणीचं टेन-व्हीलर, म्हणजे दहा चाकांचं वाफेसारखं दिसणारं इंजिन, जुन्यात घेतलं होतं. कंपनीचं नाव घेत नाही. दिसायला देखणं, धूरबीर सोडायचं. चार महिन्यांत मधल्या आसावरचा प्लास्टिकचा गिअर तडकला. मोटर फिरतेय, चाकं ढिम्म. शेवटी अंबडला एका ओळखीच्या लेथवाल्याकडून पितळी करून घेतला, तेव्हापासून बिनतक्रार आहे. जुनं घेणार असाल तर विकणाऱ्याला सांगा, इंजिन उलटं धरून चाकं फिरताना व्हिडिओ काढ. टाळाटाळ केली तर समजून जा.

मनमाडचा_मीटरगेज

काका, तुमचं इंजिन जिन्याखालून बाहेर काढा आणि त्याला नमस्कार करा. एलजीबीने १९६८ मध्ये बागेतल्या गाड्या काढल्या तेव्हापासून स्टाइन्झ त्यांच्याकडे आहे, उगाच नाही. चारच चाकं, त्यामुळे ६०० मिलिमीटर त्रिज्येच्या त्या आखूड वळणावरही कुरकुरत नाही. चाकांच्या मध्ये रुळावर घासत जाणाऱ्या दोन पट्ट्या आहेत बघा, वीज चाकांबरोबर त्याही उचलतात. म्हणून थोडी धूळ असली तरी थांबत नाही. मूळ इंजिन १८९२ चं, ऑस्ट्रियातल्या लिन्झ शहरात क्राउस कंपनीने बांधलेलं, ७६० मिलिमीटर गेजचं (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर). म्हणजे आपल्या बार्शी लाईट या जुन्या छोट्या रेल्वेच्या गेजचंच म्हणा. दोन मिलिमीटरचा काय तो फरक.

आता लाडकं. इथे थोडं गणित करू द्या, नाहीतर पैसे वाया जातात. तुमचे रूळ ४५ मिलिमीटरचे. जगातले बरेच लोक याच रुळावर वेगवेगळ्या मापाच्या गाड्या चालवतात आणि सगळं एकत्र ठेवलं की मामा-भाचे दिसतात. १:३२ ने केलेलं, म्हणजे खऱ्याच्या बत्तिसाव्या भागाएवढं, इंजिन युरोप-अमेरिकेच्या स्टँडर्ड गेजचं. १:२०.३ ने केलेलं अमेरिकेतल्या तीन फुटी गेजचं. आणि १:२२.५, म्हणजे एलजीबीचं माप, हे मीटरगेजचं. हजार भागिले साडेबावीस करा, साडेचव्वेचाळीसच्या जवळ येतं. आपलं ब्रॉडगेज यात कुठेच बसत नाही. १:३२ ला त्याला बावन्न मिलिमीटरचे रूळ लागतील, ते कोण विकणार? तेव्हा डब्ल्यूपीचं, आपल्या ब्रॉडगेजच्या वाफेच्या इंजिनाचं, स्वप्न सोडा. पण मीटरगेजवाले आपण नशीबवान.

माझं बालपण मनमाड स्टेशनच्या मीटरगेजच्या बाजूला गेलं. वडील रेल्वेत नव्हते, स्टेशनबाहेर चहाची गाडी होती. औरंगाबादकडे जाणारी पॅसेंजर घेऊन वायपी हे मीटरगेजचं वाफेचं इंजिन उभं असायचं, ४-६-२ (पुढून मागे चाकांची संख्या), लांबसडक, आणि तिच्या सिलिंडरच्या बाजूने वाफ सुटली की आम्ही मुद्दाम त्यात पाय घालायचो. पहिल्या वायपी १९४९ मध्ये अमेरिकेच्या बाल्डविनकडून आल्या, पुढे टेल्कोने जमशेदपूरला बांधल्या. मग वायडीएम-४ ही मीटरगेजची डिझेल आली. आम्हाला आधी तिचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. वाफ नाही, फायरमन नाही, चहा प्यायला उतरणारा एक माणूस कमी. पण ती सुटताना पोटातून जी गुरगुर यायची ती अजून कानात आहे. सहा सिलिंडरचं, अमेरिकेच्या आल्को कंपनीचं २५१ इंजिन. नव्वदच्या दशकात लाईन ब्रॉडगेज झाली आणि दोघीही गेल्या.

माझ्या माहितीत बागेच्या मापाची वायडीएम-४ दुकानात मिळत नाही. पण तिची चुलत बहीण मिळते! वायडीएम-४ हे आल्कोचं डीएल ५३५ ए. अलास्काच्या व्हाइट पास अँड युकॉन रेल्वेकडे होतं डीएल ५३५ ई, आणि त्याचं मॉडेल एलजीबीने काढलेलं आहे. तोंडवळा वेगळा, केबिन रुंद, पण दोन्हीकडे तीन-तीन आसांच्या बोगी. मी ते जुन्यात मिळवलं आणि वरची बॉडी उतरवून ठेवली. माझं लाडकं इंजिन ते.

बॉडीची कथा मात्र फजितीची. पहिली सनबोर्डची (जाहिरातींच्या पाट्यांना वापरतात त्या प्लास्टिकच्या फळ्यांची) केली, फ्लेक्सवाल्याकडून तुकडे आणून. रंग छान बसला. एप्रिलमध्ये दुपारी दोन तास उन्हात विसरलो. परत आलो तर छत मध्ये बसलं होतं, म्हशीच्या पाठीसारखं. दुसरी बॉडी अर्ध्या मिलिमीटरच्या जीआय पत्र्याची केली, ती अजून टिकून आहे. वजनही वाढलं, ते फायद्याचंच. चाकं घसरत नाहीत.

एकच ताकीद. सहा आसांचं इंजिन त्या ६०० च्या वळणावर घालू नका. जाईल कदाचित, पण नाक रुळाबाहेर इतकं लोंबतं की बघवत नाही. तुमची पट्टी पाच मीटर रुंद आहे. बाराशे मिलिमीटर त्रिज्येचं वळण घेतलं तरी अडीच मीटरच्या आत अर्धगोल बसतो आणि कढीपत्ता वाचतो.

वाफाळलेला (देवळाली कॅम्प)

डिझेलवाल्यांना बोलू दिलं, आता माझं ऐका.

माझ्याकडे अ‍ॅक्युक्राफ्ट कंपनीची रुबी आहे. चार चाकांची, तळहातावर मावेल त्याहून थोडी मोठी, खरीखुरी वाफेची. टाकीत ब्यूटेन, लायटर भरायच्या डब्यातून भरतो. बॉयलरला नळाचं पाणी चालत नाही, क्षार बसतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठीचं डिस्टिल्ड पाणी आणतो. सिलिंडरसाठी घट्ट स्टीम ऑईल वेगळं. पेटवल्यावर पाच-सात मिनिटांत प्रेशर चढतं आणि मग पंधरा-वीस मिनिटं ती तुमची नसते, तिची तिची असते. वळणावर तुम्हीच मागे धावायचं. माझ्या नातीने तिचं नाव 'आगाऊ' ठेवलंय.

काका, तुम्ही हवामानाचं विचारलंत म्हणून सांगतो. मे महिन्यात वाफेचं इंजिन चालवण्यात मजा नाही. हवा कोरडी आणि तापलेली, वाफ धुराड्यातून निघते ती दिसतच नाही. लोक विचारतात, बंद आहे का? डिसेंबरात सकाळी सातला या. पारा दहाच्या आसपास असतो, इंजिनाच्या मागे वाफेची पांढरी शेपटी डब्यांवरून लोळत जाते. त्या दहा मिनिटांसाठी वर्षभराची उठाठेव.

आणि पावसात? पावसातही चालते, कारण तिला रुळातून वीज नको. जुलैत मनमाडकरांचं डिझेल घरात टॉवेल गुंडाळून बसलेलं असतं (रागावू नका). माझी फक्त गोगलगायींपुढे हरते. एक गोगलगाय रूळ ओलांडून गेली की त्या चिकट पट्ट्यावर चाकं जागच्या जागी फिरतात.

पण दुसरं इंजिन म्हणून लगेच वाफेचं घेऊ नका. आधी कुणाचं तरी पेटवायला शिका. बोटं भाजतात, आणि शेवग्याखाली वाळलेला पाला असेल तर तो आधी झाडून घ्या.

ता. क. माथेरानच्या वेडात असाल तर वेगळा संसार लागतो. ते दोन फुटी गेज, १:१९ ने केलं की ३२ मिलिमीटरचे रूळ. इंग्लंडच्या राउंडहाउस कंपनीची बरीच इंजिनं ३२ किंवा ४५, हवी तशी मिळतात. माथेरानची इंजिनं, जर्मनीच्या ओरेनश्टाइन-कोप्पेल कंपनीची, सहा चाकांची होती, पण कडेचे आस वळणावर सरकून तिरके होत. म्हणून तर ती त्या घाटात वळली. रेल्वे १९०७ ची, सल्लागार एव्हरर्ड कॅलथ्रॉप. हाच माणूस बार्शी लाईटचा, आणि आपल्या नाशिकच्या ट्रामचाही! मेन रोडवरून नाशिक रोड स्टेशनला घोड्यांची ट्राम जायची, १८८९ पासून. कुणी तिचं मॉडेल केलं तर मी घोडे करून देतो.

कसाऱ्याचा_बँकर (इगतपुरी)

वाफ, डिझेल, वाफ, डिझेल. विजेवर कुणी बोलेना! कल्याण ते इगतपुरी १९३० पासून वीज आहे, आणि थळ घाट चढवत होता तो आमचा खेकडा, डब्ल्यूसीजी-१ हे विजेचं इंजिन, स्वित्झर्लंडच्या विंटरथूरच्या कारखान्यातलं. बागेच्या मापात तो नाही, पण त्याच कारखान्याशी नातं सांगणारा, स्वित्झर्लंडच्याच ऱ्हेशियन रेल्वेचा 'क्रोकोडाइल' एलजीबी काढते. तेही मीटरगेजच, मनमाडकरांच्या गणितात चपखल.

काका, चढाचं बघा. आमचा घाट ३७ ला १ आहे. तुमच्या अकरा मीटरात हाच चढ घातला तर टोकाला तीस सेंटीमीटर उंची होईल. खऱ्या गाड्यांना तिथे मागून ढकलायला बँकर इंजिनं लावावी लागतात. स्टाइन्झला दोन डबे घेऊन जड जाईल, १०० ला २ च्या वर न गेलेलं बरं.

शेवग्याखालचा

सगळ्यांचे आभार. रात्री दीड वाजेपर्यंत वाचत बसलो. घरात विचारणा झाली की एवढं काय ऑफिसचं काम आलं, मी रिटायर आहे हे दोघेही विसरलो होतो.

दोन शंका. काळ्या जमिनीवर रूळ थेट टाकले तर? आणि मनमाडकर, तुमच्या डिझेलला पावसात खरंच टॉवेल लागतो का?

मनमाडचा_मीटरगेज

टॉवेलचं ऐकून देवळालीकरांशी माझं वेगळं बोलणं झालंय.

गेल्या वर्षी मी रुळातली वीज बंदच केली. पितळी रूळ पावसात काळे पडतात, दर रविवारी बांबूला भांड्यांची हिरवी घासणी बांधून घासत बसायचो, पाठ गेली. आता इंजिनामागच्या वाघिणीत १८६५० या मापाचे पाच लिथियम सेल मालिकेत, साडेअठरा व्होल्ट, आणि रिमोट. श्रावणात रिमझिममध्ये चालवली आहे. मोठ्या सरीत नाही, हे कबूल.

काळ्या जमिनीचं उत्तर: थेट टाकू नका. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, रुळाचा नागीण डान्स होतो. वीतभर खणा, मुरूम टाकून धुम्मस करा, वर क्रशरची कच, मग रूळ. सिमेंटात पक्के करू नका. दहा मीटर पितळ डिसेंबरच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत पन्नास अंशांनी तापलं तर साडेनऊ मिलिमीटर वाढतं. त्याला कुठेतरी जायला जागा हवी, नाहीतर वळणावर बाहेर ढकलतं. जोडात फट ठेवा, किती ती मी येऊन दाखवतो.

स्टाइन्झ आधी एक पावसाळा त्यावर चालू द्या. तोवर दुसऱ्याचे पैसे साठतील. रविवारी सकाळी येऊ का? पाण्याची लेव्हल आणि दोरी माझ्याकडे आहे.

शेवग्याखालचा

रविवारी नको, रविवारी शेंगा उतरवायच्यात, शिडी रुळाच्या जागेवरच लागते. शनिवारी या. इंजिन जिन्याखालून काढून ठेवतो. त्याचा एक बफर निघालाय असं आत्ता दिसतंय.

पाना_पक्कड (सातपूर)

बफर मी घेऊन येतो. शेंगाही नेतो.