साताऱ्यात मुक्काम केलाय का? अनुभव सांगा

शाहूनगर
पुण्याहून महाबळेश्वरला निघालेले लोक वाईवरूनच घाट चढतात आणि कोल्हापूरला जाणारे महामार्गावरून अजिंक्यताऱ्याला हात जोडून पुढे जातात. साताऱ्यात खास उतरून दोन दिवस राहणारे फार थोडे. खरं तर 12 जानेवारी 1708 ला शाहू महाराजांचा राज्याभिषेक इथे झाला आणि पुढची कित्येक वर्षं मराठी राज्याचा कारभार याच डोंगराच्या कुशीतून चालला. किल्ला, पठार, धबधबा, नदीचे घाट हे सगळं तासाभराच्या अंतरात आहे. तुम्ही काय पाहिलंत, काय मनात राहिलं, तेवढं लिहा. नुसती ठिकाणांची यादी नको, ती कुठेही मिळते.

पायवाट
अजिंक्यताऱ्यापासून सुरुवात करतो. गाडी पार वरच्या दरवाजापर्यंत जाते, पण जमत असेल तर पायीच चढा. सकाळी सहाच्या सुमारास अर्धं सातारा या रस्त्यावर फिरायला आलेलं असतं आणि ओळख नसली तरी "राम राम" होतोच.

बहुतेक जण दरवाजा, मारुतीचं देऊळ, फार तर तळी बघून परत फिरतात. मंगळाईच्या देवळापर्यंत जरूर जा. त्या बाजूच्या बुरुजाचा इतिहास ठाऊक असेल तर तिथून पाय निघत नाही. 1699 च्या डिसेंबरात खुद्द औरंगजेब या किल्ल्याखाली येऊन बसला. किल्लेदार होते प्रयागजी प्रभू. चार महिने झाले तरी किल्ला हाती येईना, तेव्हा मोगलांनी तटाखाली सुरुंग लावले. पहिला उडाला आणि प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले गेले, पण जिवंत निघाले. दुसऱ्याने तट बाहेरच्या अंगाला कोसळला आणि हल्ल्यासाठी खाली दाटीवाटीने उभं असलेलं मोगलांचंच सैन्य त्याखाली चिरडलं. राजाराम महाराज त्याआधीच मार्चमध्ये सिंहगडावर वारले होते. धनी गेल्यावरही लढत राहिलेली ती शिबंदी. एप्रिल 1700 मध्ये किल्ला पडला आणि औरंगजेबाने त्याला आझमतारा नाव दिलं. पुढे ताराबाईंच्या काळात तो परत मिळाला आणि अजिंक्यतारा झाला.

वरून समोर यवतेश्वर, एका बाजूला सज्जनगड, दुसरीकडे जरंडेश्वर, आणि हवा स्वच्छ असेल तर चंदन-वंदनची जोडीही दिसते. राजधानीला हीच जागा का निवडली असेल, ते नकाशापेक्षा इथे उभं राहिल्यावर लवकर कळतं.

रानहळद
मी कासबद्दलच लिहिणार. वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडं लांबेल.

शहरापासून साधारण 25 किलोमीटर. यवतेश्वरचा घाट चढलात की हवाच बदलते. 2012 मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ज्या 39 ठिकाणांना जागतिक वारसा म्हटलं, त्यांत कास आहे. पण "फुलांचा गालिचा" एवढंच डोक्यात ठेवून गेलात तर निम्मं कास बघायचं राहून जाईल. हा जांभा खडकाचा सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार आहे. वर मातीचा पातळ थर, काही जागी तर बोटभरही नाही. मोठं झाड इथे मूळ धरू शकत नाही, म्हणून ही इवली इवली झाडं. पावसाने मातीतली पोषकद्रव्यं धुऊन जातात, मग काही वनस्पती ती कमतरता किडे खाऊन भरून काढतात. सीतेची आसवं हे केवढं नाजूक जांभळं फूल, पण त्याच्या मुळाशी पाण्यातले सूक्ष्म जीव पकडणाऱ्या पिशव्या असतात. ड्रॉसेराच्या पानांवर दवासारखे चमकणारे थेंब चिकट असतात, त्यावर बसलेला किडा सुटत नाही. मुलांना हे दाखवा, ती तासभर तिथून हलत नाहीत.

ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात हा हंगाम, तोही पावसावर अवलंबून. तेरडा, गेंद, सोनकी यांचे बहर मागेपुढे येतात, त्यामुळे पंधरा दिवसांनी गेलात तर रंगच वेगळा. टोपली कारवी मात्र सात वर्षांनी एकदा फुलते. कुमुदिनीच्या तळ्याकडे जुन्या राजमार्गाने चालत जा, गर्दी तिथवर कमीच येते.

कळकळीची विनंती, फोटोसाठी फुलांत बसू नका. पायाखाली जे येतं ते पुढच्या वर्षीचं बी असतं. आणि शनिवार-रविवार टाळा, आधी ऑनलाइन नोंदणी करा.

उंबरठा
@रानहळद, सासूबाईंना घेऊन गेलो होतो, गुडघ्यांमुळे त्या फार चालू शकत नाहीत. रस्त्याच्या कडेलाच इतका बहर होता की त्या खुर्ची टाकून बसल्या आणि आम्हालाच म्हणाल्या, "तुम्ही या फिरून." येताना कास तलावापाशी थांबलो. साताऱ्याला याच तलावाचं पाणी येतं, डोंगरउतारावरून आपसूक वाहत.

खडूफळा
आमच्या शाळेची सहल छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात गेली होती. 2024 च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून आलेली वाघनखं तेव्हा इथेच मांडली होती. रांग मोठी होती, पण एरवी वर्गात गोंगाट करणारी मुलं काचेपुढे आली की आपोआप हळू बोलायची.

माझ्यासाठी मोठी गोष्ट त्यानंतरची. जुन्या राजवाड्यात भरणाऱ्या प्रतापसिंह हायस्कूलपाशी मुलांना नेलं. 7 नोव्हेंबर 1900 ला याच शाळेत बाबासाहेबांचं नाव दाखल झालं. शाळेने ती नोंद जपली आहे आणि राज्यात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, ते आमच्यापेक्षा लहान होते तेव्हा?" होय, नऊ वर्षांचे.

आडवाट
लिंबची बारामोटेची विहीर कोणीच कशी लिहिली नाही? महामार्गापासून अगदी जवळ. शाहू महाराजांच्या काळात, 1719 ते 1724 मध्ये, वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतली. अष्टकोनी विहीर, साधारण 110 फूट खोल, बारा मोटा चालतील अशी. पायऱ्या उतरलात की मध्ये चक्क महाल लागतो, कोरलेल्या खांबांचा. भर उन्हाळ्यात गेलो होतो, आत गारवा. विहीर आजही गावची आहे, जरा भान ठेवून वावरा.

तीरावर
संगम माहुलीला संध्याकाळी जा. कृष्णा आणि वेण्णा इथे भेटतात. श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी बांधलेलं विश्वेश्वराचं देऊळ, खाली उतरत गेलेला घाट, समोरच्या तीरावर क्षेत्र माहुली, रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याचीही समाधी इथे आहे.

मला मात्र येसूबाईंची समाधी बघायची होती. संभाजी महाराजांच्या मागे जवळजवळ तीस वर्षं मोगलांच्या कैदेत, 1719 मध्ये सुटका, मग मुलाच्या राज्यात उरलेलं आयुष्य. ताराबाईही याच घाटावर विसावल्या. दोन जावा, एकीने कैद सोसली, दुसरीने औरंगजेबाशी झुंज घेतली. रायगड-प्रतापगडावर जेवढी माणसं जातात त्यांतली थोडी तरी इथे यावीत असं फार वाटतं.

डोंगरयात्री
थोडक्यात: सज्जनगड आणि ठोसेघर एका दिवसात होतात. आधी गड, कारण सकाळी पायऱ्या सोप्या जातात. समर्थांची 1682 ची समाधी, वर राममंदिर, मूर्ती तंजावरहून आलेल्या. दुपारचा प्रसाद घ्या, उरमोडीच्या पाण्याकडे बघत थोडं बसा, मग ठोसेघर. जुलै-ऑगस्टमध्ये धुकं आलं तर धबधबा फक्त ऐकू येतो, तासभर थांबायची तयारी ठेवा. कठड्यापलीकडे पाऊल टाकू नका.

शाहूनगर
सगळ्यांचे मनापासून आभार. देगावजवळच्या पाटेश्वरला कोणी गेलंय का? डोंगरातली लेणी आणि शिवलिंगांचे इतके प्रकार एका जागी मी दुसरीकडे पाहिले नाहीत. पावसाळ्यात वाट निसरडी असते, दिवाळीनंतर गेलेल्यांनी कृपया लिहा.