फिगरचे सांधे: उघडता यावेत की दिसूच नयेत?

फोंडेकर
सहा इंची फिगर, म्हणजे हातपाय हलवता येणारी संग्रहाची बाहुली, तिच्या कोपरा-गुडघ्यातल्या पिना हळूहळू दिसेनाशा झाल्या. मार्व्हल लेजंड्ससारख्या खेळण्यांच्या मालिकेतही आता सांधा आतून बसवतात, बाहेर काही दिसत नाही. सगळे खूश आहेत, मी नाही. जो सांधा उघडून दुरुस्त करता येत नाही, तो संग्रहासाठी बनवलेलाच नाही असं मी मानतो.

१९८२ सालापासूनची पावणेचार इंची जी. आय. जो ही अमेरिकन सैनिकांची फिगर आठवा. धड, कंबर, पाय, सगळा डोलारा एका काळ्या रबरी रिंगेवर ताणलेला आणि पाठीत एक स्क्रू. रबर वाळून तुटलं की पाय गळून पडायचे. स्क्रू काढा, नवी रिंग घाला, गडी पुन्हा उभा. फनस्कूल या भारतीय खेळणी कंपनीने ही फिगर आपल्या गोव्यातल्या कारखान्यात काढली. तिचे रंग अमेरिकन मालापेक्षा वेगळे, म्हणून परदेशातले संग्राहक अजून तिच्या मागावर असतात. त्या फिगर आजही उघडता येतात. आजचा बंद कोपर चाळीस वर्षांनी कोण उघडणार?

मडगावची चित्रकार
फोंडेकरबाब, जुन्याचं कौतुक करताना तुम्ही त्या जी. आय. जोचे अंगठे विसरलात. हातात बंदूक जरा जोरात घातली की अंगठा गेलाच. पायांमधला कमरेचा तुकडाही तसाच मोडायचा. याला टिकाऊ कसं म्हणायचं?

आणि डोळ्यांचं काय? उघड्या दंडावर शिल्पकाराने स्नायूची रेष खाली उतरवत आणलेली असते आणि नेमकं कोपरावर पिनेचं वेगळ्या छटेचं गोल टोक. नजर तिथेच अडते. फिगर वर्षातले बहुतेक दिवस कपाटात उभी असते, हातात नसते. मला दिसण्याला मान द्यावासा वाटतो.

मिरामारकर
दोघेही आकारावर भांडताय. आपल्या हवेत खरा प्रश्न मालाचा आहे. समुद्राकाठच्या घरात तो पाठीतला स्क्रू आणि आतला लोखंडी हूक, दोन्ही गंज धरतात. स्क्रूची खाच एकदा झिजली की तुमचं ‘उघडता येणं’ कागदावरच राहिलं.

सांध्यासाठी सगळ्यात भरवशाचं प्लास्टिक म्हणजे पॉम, ज्याला अॅसिटल म्हणतात. कडक, गुळगुळीत, घासून लवकर झिजत नाही, पाणी फारसं शोषत नाही. अडचण अशी की त्यावर रंग धरत नाही आणि साधा गोंदही चिकटत नाही. म्हणजे मोडलं की जोडता येत नाही. ही किंमत मी आनंदाने देईन.

पावसाळ्यात मोठ्या बारा इंची फिगरकडेही बघा. आतला सांधा धडधाकट असतो, पण नकली चामड्याच्या जाकिटाचे पापुद्रे निघतात, कारण पॉलियुरेथेन दमट हवेत विघटित होतं. त्याचा दोष सांध्याला देऊ नका.

डिचोलीकर
ज्याला पोझ बदलायचीच नाही, त्याने सरळ पुतळा घ्यावा. आमच्या वाड्यावर दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्याचा हात हलता करतात, पण तो एका रात्रीपुरता, पहाटे जाळायचाच असतो. फिगरचा हात हजार वेळा फिरायला हवा. २००६ साली कायोडो या जपानी कंपनीने रिव्होल्टेक ही फिगरची मालिका काढली, तिच्या सांध्यात दातेरी टप्पे आहेत. सांधा कट-कट करत फिरतो आणि जड शस्त्र धरूनही हात खाली येत नाही. टप्प्यांच्या मधे थांबत नाही, हे मान्य. पण नुसत्या घर्षणावर धरलेला गोळ्याचा सांधा सैल होतोच, मग लोक त्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा थर देत बसतात.

फोंडेकर
चित्रकारताई, अंगठा मोडतो हे खरं. पण दुसऱ्या फुटक्या फिगरचा अख्खा हात काढून बसवता येतो, तोही त्याच स्क्रूमुळे. माझं म्हणणं तेच आहे.

नवी फिगर खोक्यातून काढल्यावर मनगट फिरवण्याआधी भिंगातून बघा. रंगाने पेग, म्हणजे सांध्यातली खुंटी, खोबणीला चिकटलेला असतो. जोर लावला की मनगट वळल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात पेगच पिळला जात असतो, आणि त्याच्या मुळाशी केसाएवढी पांढरी रेष उमटते. तिथेच तो पुढे तुटतो. त्यासाठी आधी गरम पाण्यात धरायचं, उकळत्या नव्हे, मग हळूहळू सोडवायचं. उघडता येणाऱ्या सांध्यात तुटलेला पेग काढून नवा घालता येतो. बंद सांध्यात ड्रिल मारावं लागतं.

मिरामारकर, गंजाचं पटलं. स्क्रू स्टेनलेस स्टीलचा द्यायला हवा. आणि पिनेचं टोक कातडीच्याच रंगाचं केलं तर ताईंची तक्रार कितीशी उरते?

मडगावची चित्रकार
रंग जुळवलेली पिन कोपरावर, गुडघ्यावर मला चालेल. खांद्यावर नाही. हात पुढे छातीवर आणता यावा म्हणून तिथे छातीतच खाच मारतात. हात खाली सोडला की छातीचा अर्धा आकार त्या फटीत जातो. तिथे मी हालचाल सोडेन आणि छाती अखंड घेईन.