ॲपला ओळखता न आलेली माशी नवी प्रजाती समजायची का?

दोनपंखी:
माशी हॉवरफ्लायच्या (फुलांभोवती हवेत एका जागी तरंगणाऱ्या माश्यांच्या) कुळातली आहे एवढं नक्की, कारण पंखाच्या मधोमध ती खोटी शीर (शिरेसारखी दिसणारी घडी) स्वच्छ दिसते. पोट काळं, पिवळे पट्टे नाहीत, त्याऐवजी नुसते दोन करडे ठिपके. ॲपला फोटो दाखवला की दर वेळी वेगळंच नाव येतं. एक नर आणि एक मादी इथेनॉलमध्ये ठेवलीत (नराचे डोळे डोक्यावर भिडलेत, मादीचे नाहीत, त्यावरून ओळखले). ही नवी प्रजाती असू शकेल का? असेल तर पुढे काय करायचं? नुसत्या फोटोंवरूनही नाव देता येतं असं ऐकलंय.

पानाखाली:
रंगावर जाऊ नका. हॉवरफ्लायचा कोष थंडीत वाढला तर बाहेर येणारी माशी काळपट होते, उन्हाळ्यातली तीच प्रजाती पिवळीधमक. ठिपके, पट्टे हे सगळं त्यात कमीजास्त होतं.

जुनं भिंग:
वर रंगाबद्दल लिहिलंय ते बरोबर. तरी नवी असू शकते. माश्यांच्या दीड लाखांहून जास्त प्रजातींना नावं मिळालीत आणि बिननावाच्या अजून ढिगाने आहेत, त्यामुळे तुमच्या प्रश्नाला कोणी हसणार नाही.

पण ॲप गोंधळलं हा पुरावा नव्हे. त्याला जेवढे फोटो शिकवले तेवढंच त्याला येतं. कितीतरी माश्यांचा जिवंतपणी काढलेला फोटोच नाही. त्यांच्याबद्दल जे काही आहे ते जुन्या चार ओळींच्या वर्णनात आणि कुठल्यातरी संग्रहालयात टाचणीला टोचलेल्या एका नमुन्यात. तुमची माशी त्यातली निघाली तर नाव जुनंच चालणार. तुमचं नाव त्याच्याखाली समानार्थी म्हणून छापलं जाईल, आणि कायमचं.

म्हणून ‘नवी आहे का’ हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. आधी जीनस (जवळच्या प्रजातींचा गट) ठरवा, मग त्या जीनसमधल्या आजवर नाव दिलेल्या सगळ्या प्रजातींची वर्णनं जमवा. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही. त्यातून तुमच्या माशीची सगळ्यात जवळची नातलग सापडते. नव्या प्रजातीच्या लेखाचा जीव तिथेच असतो: या नातलगाहून ही माशी नेमकी कशात वेगळी, आणि तो फरक दर नमुन्यात टिकतो का. डोळ्यांपासून नखांपर्यंत पानभर वर्णन लिहून ही तुलनाच न करणारे लेख मी पुष्कळ वाचलेत. ते वाचून माशी ओळखता येत नाही.

फरक बहुतेक वेळा नराच्या जननांगात सापडतो. ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर ही फळमाशी 1830 पासून नावानिशी माहीत होती. तिच्याच गर्दीत मिसळलेली ड्रोसोफिला सिम्युलन्स ही वेगळी प्रजाती आहे, हे शास्त्रज्ञ स्टर्टेव्हंट यांनी 1919 मध्ये दाखवलं. माद्या जवळजवळ सारख्याच. नराच्या पोटाच्या टोकाशी असलेल्या एका लहानशा पाळीच्या आकारावरून दोघी वेगळ्या काढता येतात. तेव्हा नराच्या पोटाचं टोक कापून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या साधारण 10 टक्के द्रावणात ठेवा. मऊ भाग विरघळतो, कडक सांगाडा उरतो. धुऊन ग्लिसरीनच्या थेंबात घ्या आणि भिंगाखाली सगळ्या बाजूंनी चित्रं काढा. फोटो नाही म्हणत मी, चित्रं. काढताना हात जिथे अडतो तिथे आपण नीट पाहिलेलं नसतं. नंतर तो तुकडा ग्लिसरीन भरलेल्या इवल्याशा नळीत घालून नळी त्याच माशीच्या टाचणीवर लावायची. वेगळा ठेवलात की कुठल्या माशीचा ते पुढे कोणालाच कळणार नाही.

फोटोवरून नाव देण्याबद्दल: 2015 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या बॉम्बिलिडी कुळातल्या, सुतार भुंग्याची नक्कल करणाऱ्या एका माशीला तसं नाव दिलं गेलं. नमुना जपून ठेवलेला नव्हता. त्यावरून वर्गीकरणवाल्यांत मोठी जुंपली. तुमच्या हातात नमुना असताना त्या वाटेला जायचं कारणच नाही. 1999 नंतरच्या नावांसाठी प्राण्यांच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतला नियमच आहे की नाव ज्याला बांधलेलं राहील असा मूळ नमुना ठरवायचा, बहुधा एकच, त्याला होलोटाइप म्हणतात, आणि तो कुठल्या संग्रहात राहणार ते लिहायचं. लेख फक्त ऑनलाइन छापला जाणार असेल तर झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीतली नोंदणीही लागते. इथे धाग्यावर लिहिलेलं नाव धरलं जात नाही, तेव्हा मनातलं नाव सध्या मनातच असू द्या.

चौथी तंगडी:
डीएनए बारकोड करून घ्या, एक पाय पुरतो. सीओआय जनुकाचा 658 अक्षरांचा तुकडा वाचतात आणि ओळखलेल्या प्रजातींच्या साठ्यातल्या तुकड्यांशी ताडून बघतात.

जुनं भिंग:
जरूर करा, पण निकाल जपून वाचा. जुळला नाही तर साठ्यात ती जुनी प्रजाती नसेल इतकाच अर्थ निघू शकतो. उलट काही जवळच्या प्रजातींचे बारकोड जवळपास सारखेच निघतात. आणि पाय काढाल तो एकाच बाजूचा, दुसऱ्या बाजूचा शाबूत राहू द्या.

दोनपंखी:
नर एकच आहे, त्याचं टोक कापायला हात धजत नाही. एका नरावर भागेल का? आणि नावाला आजीचं नाव दिलं तर चालतं का?

जुनं भिंग:
कापा. न कापलेला नर शोभेला बरा. होलोटाइप एकच असतो, त्यामुळे नियमाने भागतं. पण फरक टिकतो की तो एकच नर विचित्र आहे, हे एकावरून कळत नाही. पुढच्या हंगामात आणखी शोधा, आणि संग्रहालयांतल्या न ओळखलेल्या माश्यांचे खण उघडून बघायची परवानगी मागा. ऑस्ट्रेलियातली गायिका बियॉन्सेचं नाव दिलेली ती सोनेरी बुडाची घोडमाशी 1981 मध्ये पकडलेली होती, नाव 2011 मध्ये मिळालं. घाई कोणालाच नसते.

आजीचं नाव चालतं, बाईचं असल्यामुळे शेवटी ‘-ए’ लागेल. स्वतःचं द्यायला नियमाची बंदी नाही, पण तसं कोणी करत नाही.

आता एवढं सांगा: इथेनॉल किती टक्के आहे? डीएनएसाठी 95 हवं. आणि माशी त्यातून काढून तशीच वाळवू नका, डोळे खप्पड होतात. बाटलीच्या आत ठिकाण, तारीख लिहिलेली चिठ्ठी आहे का? पेन्सिलने लिहिलेली हवी, पेनची शाई इथेनॉलमध्ये उतरते.