गरम काचेचं भांडं कडप्प्यावर तडकलं, लाकडी पाटावर काहीच झालं नाही, असं का?

नवा_ओव्हन:
मंडळी एक शंका आहे. ओव्हनमधून २०० डिग्रीवरचं काचेचं भांडं काढलं आणि घाईत ओट्यावर ठेवलं, टक्क करून आवाज आला आणि तळाला आरपार चीर. नवीन घेतलंय ते मी आता सागवानी पाटावर ठेवते, आजपर्यंत काही झालेलं नाही. मला तर वाटायचं लाकूड जळेल आणि काच टिकेल, उष्णता सहन करणारी काच म्हणूनच विकतात ना? शिवाय डायनिंग टेबलावर एकदा ठेवलं तर पांढरा डाग पडला, तो वेगळाच प्रश्न.

प्रयोगशाळावाला:
ताई, काच नुसती गरम असल्याने फुटत नाही, एक भाग गार आणि दुसरा गरम झाला की फुटते. कडप्पा उष्णता लाकडापेक्षा कितीतरी वेगाने ओढतो, त्यामुळे तळ पटकन गार होऊन आकसायला बघतो आणि वरची गरम काच त्याला आकसू देत नाही. हा ताण काचेला सोसत नाही, दाब मात्र ती भरपूर सोसते. लाकूड उष्णता ओढतच नाही फारशी, म्हणून भांडं सगळीकडून सावकाश निवतं.
आणि काच कुठली तेही बघा. मीटरभर लांब पट्टी १०० डिग्रीने तापवली तर साधी काच साधारण ०.९ मिमी वाढते, बोरोसिलिकेट (बोरॉन घालून केलेली, उष्णता सोसणारी काच) फक्त ०.३३. प्रयोगशाळेतले बीकर म्हणूनच बोरोसिलिकेटचे असतात. ओव्हनमध्ये चालतं असं लिहिलेली सगळी भांडी मात्र त्या काचेची नसतात, बरीचशी टफन केलेली (तापवून झटकन गार करून मजबूत केलेली) साधी काच असते.

रंधा_पटाशी:
लाकडाबद्दल मी सांगतो, सुतारकाम करतो. लाकूड पेट घ्यायला साधारण २५० ते ३०० डिग्री लागतात, त्यामुळे तुमच्या भांड्याने पाट पेटणार नाही, रोज त्याच जागी ठेवलंत तर काळपट होईल एवढंच. लाकडाला उष्णतेपेक्षा ओल जास्त हलवते, पावसाळ्यात दारं फुगून अडकतात ना तेच, आणि फुगतं ते रेषांना आडवं, लांबीत जवळपास नाहीच. टेबलावरचा पांढरा डाग लाकडाचा नाही हो, पॉलिशमध्ये वाफ अडकलीय. डाग काळा असता तर लाकडापर्यंत गेलाय म्हणायचं. पाट मात्र कोरडाच वापरा, ओल्या पाटावर पाणी वाफ होताना तळाची उष्णता ओढून घेतं आणि मग लाकडाचा फायदा गेला.

नवा_ओव्हन:
अरे देवा, त्या दिवशी ओटा नुकताच पुसला होता! आणि जुन्या भांड्याला तळाशी तारेच्या घासणीचे ओरखडे पण होते.

प्रयोगशाळावाला:
मग दोन्ही कारणं एकत्र आली. चीर ओरखड्यापासूनच सुरू होते, लाकडाला खाच पडली तरी त्याचे तंतू धरून ठेवतात, काचेत तसं धरायला काहीच नाही. नव्या भांड्याला तारेची घासणी अजिबात लावू नका, खोल ओरखडा दिसला तर ते फ्रीजमध्ये लोणचं ठेवायला वापरा, ओव्हनमध्ये नको.